अर्धा तास नेटफ्लिक्स, सव्वासहा किलोमीटर गाडी: एका आकड्याची उलटतपासणी

ऑक्टोबर 2019 मध्ये एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेच्या बातमीतून एक आकडा जगभर गेला. नेटफ्लिक्सवर अर्धा तास काही पाहिलं की 1.6 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे 6.28 किलोमीटर गाडी चालवल्याइतका. आकडा दिला होता 'द शिफ्ट प्रोजेक्ट' या पॅरिसच्या अभ्यासगटातल्या तज्ज्ञाने. ऑनलाइन व्हिडिओच्या पर्यावरणीय परिणामांवरचा त्यांचा अहवाल त्याच वर्षी जुलैत आला होता. एरवी रुक्ष वाटणाऱ्या विषयाला अशी चटकदार तुलना मिळाल्यावर वर्तमानपत्रांनी ती उचलली नसती तरच नवल.

हा आकडा आठपटीने चुकलेला होता. आठाची चूक दुरुस्त केल्यावरही तो जवळपास अकरापट जास्तच राहिला. इंटरनेटच्या पर्यावरणीय हिशेबात जेवढ्या ठिकाणी पाय घसरतो, त्यातल्या बहुतेक जागा या एकाच प्रकरणात सापडतात, म्हणून ते सुटं करून पाहण्यासारखं आहे.

आधी गीझर लावून बघा

अर्ध्या तासाला 1.6 किलो म्हणजे तासाला 3.2 किलो. तेव्हाच्या हिशेबात जगाची सरासरी वीज युनिटमागे 519 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते असं धरलं होतं. भागाकार केला की तासाला सुमारे 6.1 युनिट वीज येते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचंच युनिट, एक किलोवॅट-तास.

6.1 युनिट म्हणजे 2000 वॅटचा गीझर सलग तीन तास. एका प्रेक्षकाने तासभर मालिका बघितली की कुठे ना कुठे तीन गीझर तेवढा वेळ तापलेले असतात, असा या आकड्याचा अर्थ होतो. वीज वापरली की शेवटी तिची उष्णता होते. ही उष्णता कुठे दिसते? घरातल्या टीव्हीत नाही, राउटरमध्ये नाही. मग सगळी सर्व्हरच्या खोल्यांत आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असायला हवी.

आता हेच जगभरासाठी करून पाहू. 2019 च्या अखेरीस नेटफ्लिक्सचे 16.7 कोटी ग्राहक होते. प्रत्येकाने दिवसाला सरासरी दोन तास पाहिलं असं धरलं तर वर्षाला सुमारे 12,190 कोटी तास होतात. त्यांना 6.1 ने गुणलं की 744 अब्ज युनिट. 2019-20 या वर्षात अख्ख्या भारतात सुमारे 1390 अब्ज युनिट वीज तयार झाली. म्हणजे एक कंपनी आणि तिचे प्रेक्षक मिळून भारताच्या निम्म्याहून जास्त वीज खातात, असं मानावं लागेल. नेटफ्लिक्सने स्वतःच्या सर्व्हर आणि साठवणीसाठी 2019 मध्ये जाहीर केलेला वापर होता 0.45 अब्ज युनिट.

या दोन आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही, कारण 744 मध्ये नेटवर्क आणि प्रेक्षकाचं यंत्रही धरलेलं आहे. पण इतकी दरी दिसल्यावर कॅल्क्युलेटर खाली ठेवून गृहीतकं तपासायला बसायचं असतं. ही तपासणी कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत होते. ती सविस्तर केली आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेतले विश्लेषक जॉर्ज कामिया यांनी, फेब्रुवारी 2020 मध्ये.

बिट आणि बाइट

ब्रॉडबँडचं नवं कनेक्शन घेतलेल्या निम्म्या लोकांची तक्रार एकच असते: "शंभरचा प्लॅन घेतला, पण डाउनलोड बाराच्या वर जात नाही." केबलवाल्याने फसवलेलं नसतं. प्लॅनवरचे 100 हे सेकंदाला मेगाबिट असतात, संगणकाच्या पडद्यावर दिसणारे 12 हे सेकंदाला मेगाबाइट. एका बाइटमध्ये आठ बिट. इंग्रजी संक्षेपात फरक एवढाच की बिटला स्मॉल बी आणि बाइटला कॅपिटल बी. मराठीत तर आपण दोन्हींना 'एमबी' म्हणून मोकळे होतो.

शिफ्ट प्रोजेक्टच्या मुलाखतीतल्या आकड्यात नेमकं हेच झालं. व्हिडिओचा वेग सेकंदाला 3 मेगाबिट धरायचा होता, हिशेबात गेले 3 मेगाबाइट, म्हणजे 24 मेगाबिट.

24 मेगाबिटने तासाला किती डेटा येतो? 24 भागिले 8 म्हणजे सेकंदाला 3 मेगाबाइट, गुणिले 3600 सेकंद, 10,800 मेगाबाइट, म्हणजे 10.8 जीबी. दिवसाला दीड जीबीच्या रिचार्जवर आठवडा काढणाऱ्या कुणालाही हा आकडा ऐकताच खटकेल. 3 मेगाबिटने हाच हिशेब 1.35 जीबीवर येतो. नेटफ्लिक्सचा 2019 मधला जागतिक सरासरी वेग 4.1 मेगाबिट होता, त्याने तासाला सुमारे 1.9 जीबी होतात.

जून 2020 मध्ये शिफ्ट प्रोजेक्टने चूक मान्य केली आणि आकडा अर्ध्या तासाला 1.6 वरून 0.2 किलोवर आणला. व्हिडिओच्या एकूण वाढीबद्दलचा आपला मुद्दा कायम आहे, असंही सांगितलं. दुरुस्तीची बातमी मूळ बातमीच्या मानाने कुठेच पोचली नाही, हे वेगळं सांगायला नको. सव्वासहा किलोमीटर अजूनही शाळांच्या प्रकल्पांत आणि व्हॉट्सअॅपवर भेटतात.

जाता जाता त्या गाडीचीही तपासणी करू. 1.6 किलोला 6.28 किलोमीटरने भागलं की किलोमीटरला 255 ग्रॅम. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे तुलनेतली गाडी लिटरला 9 किलोमीटर देणारी होती. आपल्याकडची लिटरला 20 देणारी छोटी गाडी घेतली, तर तेवढ्याच वायूत ती चौदा किलोमीटर जाईल. मुळात फुगलेल्या आकड्याला शेजारी कुठली गाडी उभी केली यावरही बातमी किती भडक वाटते ते ठरतं.

एका जीबीला किती वीज?

बिट-बाइटची चूक सापडायला सोपी, म्हणून तिच्यावरच सगळे बोलतात. खरी अडचण तिच्या पुढे आहे.

दुरुस्त आकडा अर्ध्या तासाला 0.2, म्हणजे तासाला 0.4 किलो. 519 ग्रॅमने भागलं की 0.77 युनिट, आणि ते 1.35 जीबीवर वाटलं की जीबीमागे 0.57 युनिट. मूळ चुकीच्या हिशेबातही जीबीमागे हेच येतं (6.1 भागिले 10.8). बिट-बाइट दुरुस्त केल्याने हा दर हलत नाही, तो जसाच्या तसा राहतो.

आणि तो कुठून आला? शिफ्ट प्रोजेक्टचे विजेचे दर मुख्यतः आन्द्रे आणि एडलर यांच्या 2015 च्या निबंधावर उभे होते. तो निबंध म्हणजे 2030 पर्यंतचे अंदाज. त्यातल्या सर्वांत वाईट शक्यतेत संपर्क तंत्रज्ञान (फोन, इंटरनेट, सर्व्हर वगैरे) जगाची 51 टक्के वीज खाईल असं म्हटलं होतं. मीटर लावून केलेली ही मोजणी नव्हती. एखाद्या वर्षी मांडलेला पुढचा अंदाज चार वर्षांनी मोजलेला आकडा म्हणून वापरला, की या क्षेत्रात हमखास घोटाळा होतो, कारण नेटवर्कची यंत्रं झपाट्याने सुधारत असतात.

किती झपाट्याने, हे अस्लन, मेयर्स, कूमी आणि फ्रान्स यांच्या 2018 च्या निबंधात दिसतं. त्यांनी आधीच्या अभ्यासांची छाननी केली, प्रत्येकाने काय मोजलं आणि काय वगळलं ते एका पट्टीवर आणलं, आणि 2015 साठी वायरच्या नेटवर्कचा दर काढला: जीबीमागे 0.06 युनिट. शिवाय 2000 सालापासून हा दर साधारण दर दोन वर्षांनी निम्मा होत आलेला. तसाच धरला तर 2019 साठी 0.015. त्यापुढे 0.57 ठेवून पाहा. 0.57 मध्ये सर्व्हर, मोबाइल नेटवर्क आणि प्रेक्षकाचं यंत्रही आहे हे खरं, पण तेवढ्याने अडतीसपट फरक भरून निघत नाही.

'एका पट्टीवर आणलं' हे दिसतं तितकं सोपं काम नाही. कोरोआमा आणि हिल्टी यांनी 2014 मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा जीबीमागचे आकडे 136 युनिटपासून 0.0064 युनिटपर्यंत पसरलेले निघाले, वीस हजार पटींहून जास्त. काही अभ्यास 2000 सालचे, काही दहा वर्षांनंतरचे. काहींनी घरातला संगणक धरला, काहींनी वगळला. कुणी देशाची एकूण वीज एकूण डेटावर वाटली, कुणी एकेका यंत्राचे वॅट बेरजेत घेतले. हाती आलेला 'जीबीमागे इतके युनिट' हा आकडा कुठल्या वर्षाचा आणि कुठून कुठपर्यंतचा, हे लिहिलेलं नसेल तर तो कागद बाजूला ठेवावा.

बेरजेच्या पद्धतीचं एक छान उदाहरण 2009 चं आहे. स्वित्झर्लंडमधलं दावोस आणि जपानमधलं नागोया इथे एक परिषद एकाच वेळी दोन्हीकडे भरवली आणि दोन सभागृहं व्हिडिओने जोडली. वेग सेकंदाला 40 मेगाबिट. मधल्या वाटेवरची यंत्रं आणि जोडण्या एकेक करून मोजल्या, आणि उत्तर आलं जीबीमागे 0.2 युनिट. अर्ध्या पृथ्वीचा प्रवास, दहा वर्षं जुनी यंत्रं, आणि तरीही दर 0.57 च्या जवळपास एक तृतीयांशच.

नेटफ्लिक्सचा पिक्चर तर बहुतेकदा समुद्र ओलांडतच नाही. कंपनी आपले साठवणीचे डबे इंटरनेट पुरवणाऱ्यांच्याच इमारतींत ठेवते, गर्दी नसते त्या वेळात ते भरून घेते, आणि संध्याकाळी प्रेक्षकाला जवळच्या डब्यातून चित्र जातं.

राउटर कुणाच्या नावावर टाकायचा

समजा दर अचूक मिळाला. तरी डेटाला दराने गुणणं कितपत बरोबर?

घरातला फायबरचा राउटर साधारण 10 वॅट घेतो. पिक्चर चालू असो, मेसेज येत असो, घरात कुणीही नसो, दिवसाला 0.24 युनिट, महिन्याला सातेक. आता एका घरात दिवसाला 2 जीबी वापरले जातात, शेजारी 20 जीबी. पहिल्या घरात राउटरचा दर जीबीमागे 0.12 युनिट, दुसऱ्यात 0.012. वीज दोन्हीकडे तेवढीच. पहिल्या घराचा दर दुसऱ्या घराला लावला, की मीटरवर कधीही न दिसणारी दहापट वीज कागदावर तयार होते. गल्लीच्या टोकाच्या पेटीपासून एक्स्चेंजपर्यंत बहुतेक यंत्रांचं असंच आहे: चालू ठेवायलाच बरीचशी वीज लागते, डेटाबरोबर वाढणारा भाग लहान. मोबाइल टॉवरचं थोडं वेगळं, तिथे भार वाढला की वापरही वाढतो आणि जीबीमागे वीज वायरपेक्षा जास्त जाते, पण तिथेही स्थिर भाग मोठाच.

टाळेबंदीत याची अनायासे चाचणी झाली. 2020 मध्ये स्पेनच्या टेलिफोनिकासारख्या दूरसंचार कंपन्यांच्या नेटवर्कवरून जाणारा डेटा एकदम वाढला, विजेचा वापर मात्र जवळपास होता तेवढाच राहिला. गुणाकार बरोबर असता तर वीजही त्याच प्रमाणात चढली असती. आपल्याकडे मार्च 2020 मध्ये नेटफ्लिक्स, हॉटस्टार, अॅमेझॉन वगैरे कंपन्यांनी मोबाइलवर चित्र 480पी पर्यंतच द्यायचं ठरवलं, ते नेटवर्क तुंबू नये म्हणून. त्याला 'कार्बन वाचवला' म्हणणं ओढूनताणून होईल.

हे स्पष्ट असूनही जानेवारी 2021 मध्ये तीच गाडी पुन्हा त्याच खड्ड्यात गेली. पर्ड्यू, येल आणि एमआयटीतल्या संशोधकांच्या निबंधाची बातमी झाली: व्हिडिओ कॉलमध्ये कॅमेरा बंद ठेवा, पर्यावरणावरचा भार 96 टक्के कमी होईल. कॅमेरा बंद केल्यावर डेटा 96 टक्के कमी होतो म्हणून भारही 96 टक्के कमी, असा तो सरळ गुणाकार. राउटर, लॅपटॉप, एक्स्चेंज, सगळं तसंच चालू असताना! त्याच वर्षी कूमी आणि मसानेट यांनी 'जूल' या नियतकालिकात अशा फसगतींवर स्वतंत्र लेख लिहिला.

कूमींसाठी हे नवं नव्हतं. 1999 मध्ये फोर्ब्ज मासिकात दावा आला होता की दोन मेगाबाइट डेटामागे एक पौंड कोळसा जळतो आणि दहा वर्षांत अमेरिकेची निम्मी वीज डिजिटल व्यवहारच घेतील. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कूमी आणि सहकाऱ्यांनी तो खोडला. त्या दराने आज तासभर मालिका पाहायला चारशे किलोंहून जास्त कोळसा लागला असता. वखारवाल्यांची चंगळ.

मग डेटाचं काहीच वजन नाही? आहे, पण ते दुसऱ्या जागी पडतं. नेटवर्कची क्षमता गर्दीच्या क्षणासाठी बांधली जाते. 19 नोव्हेंबर 2023 ला अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एकाच वेळी 5.9 कोटी प्रेक्षक होते. अशा क्षणांसाठी नवी यंत्रं बसतात आणि मग वर्षभर चालू राहतात. त्यामुळे गर्दीच्या वेळचं फोर-के चित्र आणि पहाटे तीनचं डाउनलोड यांचे जीबी सारखे असले तरी परिणाम सारखा नसतो.

टीव्हीकडे दुर्लक्ष

शिफ्ट प्रोजेक्टचं 'कार्बनालायझर' नावाचं ब्राउझरचं जोड-साधन आहे. त्याचा कोड खुला आहे, त्यातले स्थिरांक वाचता येतात: विजेसाठी युनिटमागे 519 ग्रॅम, नेटवर्कसाठी बाइटमागे 0.000000000152 युनिट, आणि प्रेक्षकाच्या यंत्रासाठी मिनिटाला 0.00021 युनिट. शेवटचा आकडा साठने गुणा, तासाला 0.0126 युनिट, म्हणजे 12.6 वॅट. हा फोन आणि लॅपटॉप यांच्या मधला कुठलातरी वापर आहे. व्हिडिओच्या हिशेबातही पाहणारे निम्मे फोनवर आणि निम्मे लॅपटॉपवर, असंच धरलं होतं.

प्रत्यक्षात नेटफ्लिक्सचं 70 टक्के पाहणं टीव्हीवर होतं, 15 टक्के लॅपटॉपवर, 10 टक्के टॅबलेटवर, 5 टक्के फोनवर. पन्नास इंची एलईडी टीव्ही फोनच्या सुमारे शंभरपट आणि लॅपटॉपच्या पाचपट वीज घेतो. म्हणजे जिथे वीज खरोखर जाते तिथे आकडा कमी धरला होता, आणि दुरुस्तीनंतर डेटाही 1.9 ऐवजी 1.35 जीबी, तोही कमीच. या दोन उणिवा असूनही एकूण उत्तर अकरापट जास्त आलं, यावरून मधला जीबीचा दर किती फुगला होता ते कळतं.

कामिया यांचा सुधारित हिशेब तासाला 0.077 युनिटवर स्थिरावला, 36 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. त्यातले 72 टक्के प्रेक्षकाच्या यंत्रात, 23 टक्के डेटा वाहून नेण्यात, 5 टक्के डेटा सेंटरमध्ये, म्हणजे सर्व्हर ठेवलेल्या इमारतींत. शेवटचा भाग स्वतः पडताळता येतो: 45 कोटी युनिटला 12,190 कोटी तासांनी भागा, तासाला 0.0037 युनिट, 0.077 च्या पाच टक्क्यांना लागून. कार्बन ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेने 2021 मध्ये युरोपसाठी तासाला 55 ग्रॅम काढले, पद्धत थोडी वेगळी, निष्कर्ष त्याच वळणाचा.

0.077 युनिट म्हणजे जुना 75 वॅटचा छताचा पंखा तासभर. भारतात वीज कोळशावर जास्त चालते, युनिटमागे सुमारे 0.7 किलो धरावे लागतात. त्या दराने तासाला 54 ग्रॅम, अर्ध्या तासाला 27. लिटरला 20 देणाऱ्या गाडीचे सव्वादोनशे-अडीचशे मीटर. घरातल्या घरात फरक पाडायचा तर चित्राची प्रत कमी करण्यापेक्षा टीव्हीचा ब्राइटनेस उतरवणं आणि कुणी बघत नसताना तो बंद करणं जास्त कामाचं.

म्हणजे सगळं आलबेल?

इथे कंपन्यांची प्रसिद्धी खाती खूश होतात आणि दुसऱ्या टोकाची चूक सुरू होते. प्रेक्षकामागचा आकडा लहान निघाला, याचा अर्थ डेटा सेंटरचा भार लहान असा होत नाही. मसानेट आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवलं की 2010 ते 2018 या काळात डेटा सेंटरमधलं काम 550 टक्क्यांनी वाढलं, वीज मात्र 194 वरून 205 अब्ज युनिटवर, जेमतेम सहा टक्के. तो काळ सरला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या 2025 च्या अहवालात 2024 चा वापर सुमारे 415 अब्ज युनिट आहे, जगाच्या विजेच्या दीड टक्का, आणि 2030 साठी अंदाज 945 चा. (तोही अंदाजच. वर आन्द्रे-एडलरचं काय झालं ते विसरू नये.)

शिवाय दीड टक्का ही जगाची सरासरी झाली. वीज सरासरीत वापरली जात नाही, ती एका विशिष्ट उपकेंद्रावरून घ्यावी लागते. आयर्लंडमध्ये देशातल्या मीटरवर मोजलेल्या विजेपैकी डेटा सेंटरचा वाटा 2015 मध्ये 5 टक्के होता, 2023 मध्ये 21 टक्के. शहरी घरांच्या एकत्रित वापरापेक्षा जास्त. हा आकडा काढायला कुणाला जीबी, व्हिडिओचा वेग, गाडीचे किलोमीटर यांपैकी काही लागलं नाही. तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने मीटरचे आकडे जमवले आणि बेरीज केली.

युरोपीय संघाने पुढची पायरी गाठली आहे. 500 किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या डेटा सेंटरना वर्षाला एकूण वीज, पाणी, परत वापरलेली उष्णता आणि नवीकरणीय ऊर्जेचा वाटा कळवावा लागतो, पहिली माहिती सप्टेंबर 2024 मध्ये मागवली गेली. ऐरोली, रबाळे आणि महापे इथे ठाणे-बेलापूर रस्त्यालगत जी बिनखिडक्यांची उंच ठोकळेवजा इमारतींची रांग उभी राहते आहे, तिच्यासाठीही मागायचे आकडे तेच: दरमहा मीटरवरचे युनिट, त्यातले थंड ठेवण्यावर गेलेले किती, पाणी पिण्याचं की सांडपाणी शुद्ध केलेलं, आणि डिझेल जनरेटर किती तास चालले.